पाहुणे पाण्यात, साड्या खाटेवर

उधना, सुरत

आदरणीय वाल्मिकमामा यांना नीलमचा सविनय जय भीम.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. म्हणजे जिवंत आहोत आणि आई माझ्याशी बोलत नाही. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर किती? (खरं कळवा, मागच्यासारखं ‘उत्तम’ नको.) फोन न करता लिहिते आहे, कारण खोली एकच आणि आईचे कान चांगले आहेत.

तुम्ही सुचवलेले इच्छापोरचे पाहुणे रविवारी मला बघायला आले. वादळ समुद्रातच विरणार, असं बातम्यांत सांगत होते. ते आमच्या गल्लीत येऊन विरलं. पोह्यांच्या बशा हातात गेल्या आणि खाडीचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं. आई म्हणाली, “येतं थोडंसं, जातं.” (हे तिने पाणी घोट्यापर्यंत आल्यावरही म्हटलं.)

आमचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. शेठकडून साड्यांचे गठ्ठे येतात, आम्ही टिकल्या चिकटवतो, आणि साडी भिजली तर भरपाई आमच्याकडून. गठ्ठे जमिनीवर होते, पाहुणे खाटेवर, आणि खाट एकच. दुसऱ्याची वस्तू आधी सांभाळायची, हे शाळेत जायच्या आधी मला तुम्हीच शिकवलंत ना? म्हणून मी मुलाच्या आईला, प्रमिलाबाईंना, म्हणाले, “जरा उठता का? साड्या ठेवायच्या आहेत.”

त्या उठल्या. बशी हातात धरून पाण्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “पोरी, आम्ही तुला बघायला आलो का शेठचा माल राखायला?”

पुढे त्या भिजून कुडकुडायला लागल्या. आईने डोळ्यांनी खूण केली, एक साडी काढून दे. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “ती शेठची आहे.” माझा पंजाबी ड्रेस दिला, तो त्यांच्या दंडातच अडकला. शेवटी दाराचा पडदा गुंडाळून बसल्या. पाणी उतरल्यावर मंडळी गेली.

आई भिंतीकडे बघून म्हणते, आता नकारच येणार. येऊ दे. चूक माझी नाही, शिकवण तुमची आहे. मुलाविषयी, म्हणजे धम्मपालांविषयी, माझं काहीच मत नाही. (त्यांनी न सांगता सगळे गठ्ठे उचलून दिले, तेही टिकल्यांची बाजू वर ठेवून. सांगायला हवं म्हणून सांगितलं.)

तुमची,
नीलम

ता. क. प्रमिलाबाईंची माझ्या वतीने माफी मागा. खाटेवरून उठवल्याबद्दल मागा. साडी न दिल्याबद्दल नको.

आणखी ता. क. काल आई बाहेर असताना धम्मपालांचा फोन आला. पाणी ओसरलं का, विचारत होते. मी “अजून नाही” म्हणाले. मामा, घर कधीच कोरडं झालं आहे. मी असं का बोलले, मला कळत नाही. आता ते रविवारी पाणी उपसायला बादल्या घेऊन येणार आहेत, आणि प्रमिलाबाईही येते म्हणाल्या आहेत. तुम्ही कृपा करून शनिवारीच या. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा. माझ्याने दुसऱ्यांदा खोटं बोलवणार नाही.