ओहायोतली पाटी आणि आमचा तक्ता

बिशान, सिंगापूर
२८ ऑक्टोबर २००४

प्रिय प्रकाश,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा जिना चढू देतो का आणि साधनाची साखर आवरली का, ते आधी कळव. तुझी ललितावहिनी ठणठणीत असून माझ्या चहातली साखर नाकारण्याची ताकद तिच्यात अजून शाबूत आहे. मीही सुखात होतो. गेल्या गुरुवारी साधनाचा फोन येईपर्यंत.

झालं असं की, समीरची राधिका (आमची नात, वय तेरा, मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत टोलवायचं, हा आमचा सात वर्षांचा खेळ) शाळेतून 'अमेरिकेत कोण कुणाला मत देतं' असा प्रकल्प घेऊन आली आणि चक्क माझ्या खोलीत येऊन बसली. मग काय! तीन आठवडे वाचनालय पालथं घालून मी तिला सगळं मराठीत समजावलं, आणि तीही चक्क मराठीत बोलू लागली. रिपब्लिकनांची खूण हत्ती, डेमोक्रॅटांची गाढव. गुलामगिरी मोडणाऱ्या हत्तीबरोबर एकेकाळी असलेले काळे लोक पुढे गाढवाकडे कसे आले, दक्षिणेतले गोरे नेमके उलट कसे सरकले, दर रविवारी चर्चला जाणारे बहुतेक हत्तीकडे, युनियनवाले गाढवाकडे, आणि लग्न झालेल्या बायका न झालेल्यांपेक्षा हत्तीकडे जास्त. (लग्नानंतर असं का होत असावं, हे मी ललिताला विचारलं. तिने भांडी जरा जोरात ठेवली.) आपण मनमाडच्या शाळेत बाकावर ताल धरून कविता म्हणायचो ना, तसं तिलाही पाठ व्हावं म्हणून मी भुजंगप्रयातात दोन ओळी रचल्या:

जया देउळी नेम तो हत्तिवाला ।
जिथे यंत्र चाले तिथे गाढवाला ॥

पोरीने त्या इथल्या एमआरटी रेल्वेत मोठ्याने म्हटल्या. समोरच्या चिनी आजीबाईंनी मान डोलावली, रे! (त्यांना वृत्त कळलं असावं.)

त्या भरात, हत्ती आणि गाढव अशा दोन रकान्यांच्या आमच्या तक्त्यावर नमुना म्हणून चिकटवायला मी अल्बममधून तुझा फोटो काढला आणि छाती फुगवून म्हणालो, "माझा धाकटा भाऊ. आशियाई, दोन पदव्या, चर्चशी संबंध नाही, बाप रेल्वेच्या वर्कशॉपातला युनियनवाला. डोळे मिटून गाढव!" त्यावर ललिता म्हणाली, "निदान भाऊजींचा फोटो हातात धरून तरी असं बोलू नका."

शाळेतल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी साधनाचा फोन. "दादा, ह्यांनी अंगणात हत्तीवाल्यांची पाटी ठोकलीय. मग मी शेजारीच गाढववाल्यांची ठोकली. पोस्टमन रोज थांबून हसतो."

मी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. राधिका मात्र शांतपणे म्हणाली, "आजोबा, यंत्र कोणाचं ते तुम्ही कवितेत लिहिलंच नाही. प्रकाशआजोबा मशीन चालवत नाहीत, ते मालक आहेत, लाह!" (हे 'लाह' इथल्या बोलीतलं शेपूट.) तुझ्या नटबोल्टांच्या कारखान्यात अकरा माणसं कामाला आहेत, हे मी विसरलोच होतो. मी चिडलो, जेवलो नाही. (थोडं जेवलो.) मग मनात आलं, आपल्याला जन्मभर लोकांनी आडनाव विचारलं आणि पुढचं सगळं त्यांचं त्यांनीच ठरवलं. आपण काय खात असू, कुणाला मत देत असू, कुठे बसवायचं. आणि आज मी तेच करत होतो, हातात डिंकाची बाटली घेऊन!

राधिकाने तुझा फोटो दोन रकान्यांमधल्या रेघेवर चिकटवला आणि बाईंना इंग्रजीत सांगितलं की, गर्दीचा अंदाज बांधता येतो, आमच्या प्रकाशआजोबांचा नाही. मी मागे उभा होतो. प्रकाश, त्या वेळी माझी छाती कोणत्याच रकान्यात मावली नसती.

तरीही ती पाटी काढ. आपल्या युनियनवाल्या अण्णांना काय वाटलं असतं!

तुझा, तक्ता चुकला तरी ताठ बसलेला,
दादा (यादवराव)

ता. क. पोस्टातली मुलगी म्हणते, पत्राला आठ दिवस लागतील. तुमचं मतदान तर मंगळवारी. तेव्हा पाटीबद्दलची ओळ वाचली नाहीस तरी चालेल.

ता. क. २ खरं काम राहिलंच. प्रकल्प संपला आणि सोमवारपासून राधिका पुन्हा इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. काल मात्र तिने विचारलं, "प्रकाशआजोबांनी हत्ती का निवडला?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. (ठाऊक आहे. साधनाने सगळं सांगितलंय.) चौदा तारखेपासून ती दर रविवारी तुला फोन करेल. तीस वर्षं ओहायोत राहूनही तुला इंग्रजी फारसं कळत नाही, असं मी तिला सांगून ठेवलंय. हत्ती निवडल्याचं कारण एकदम सांगून टाकू नकोस. नाताळापर्यंत पुरव.