मागच्या चाकांच्या साखळ्या

खिंडीच्या पायथ्याशी,
रस्ता-कामगारांची खोली

चि. बुरमा हिस अनेक आशीर्वाद.

तू, तुझी माणसं आणि तुझी मेंढरं या थंडीत धडधाकट आहात असं धरून चालते. आम्हीही जिवंत आहोत. फक्त तुमच्या तलासला पोचलो नाही. आज दुपारी माझ्या हातांनी नूरझातच्या कानांत कुंडलं घालून तिला आमच्या मुलासाठी, तिलेकसाठी मागायची होती. मागच्या खेपेला बर्फाने खिंड बंद झाली. तेव्हा तिच्या आजीने निरोप धाडला होता, "पुन्हा आला नाहीत तर मुलगी नको असं समजू." तर आज पुन्हा आलो नाही.

बर्फाला दोष देणार नाही. दोष तुझ्या भाऊजींचा. बिश्केकच्या बाजारात दुकानदाराने टायरचं माप विचारलं, तर यांनी दोन्ही हात पसरून "एवढं" म्हणून दाखवलं. (माप टायरवरच छापलेलं असतं. मी वाचून सांगितलं.) मग हे एकेक साखळी कानाशी नेऊन खुळखुळवत बसले, ज्या जास्त वाजल्या त्या घेतल्या. सुदैवाने त्या मापाच्या निघाल्या. तिथे आमचं दैव संपलं.

साखळ्या लावायच्या कुठे, यावर घरीच भांडण झालं. मी म्हटलं, "गाडी जपानी आहे. तिचा जोर पुढच्या चाकांत." हे म्हणाले, "उभा जन्म ट्रक चालवला मी! जोर मागेच असतो. घोड्याचा कुठे असतो? मागच्या पायांत!" मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवत आले, बुरमा, पण घोडा मध्ये आला की आपल्याकडे वाद संपतो. साखळ्या मागे लागल्या.

चौकीवरच्या शिपायाने चाकं पाहिली, मग यांची पांढरी दाढी पाहिली आणि छातीवर हात ठेवून वाट सोडली. तिसऱ्या वळणावर पुढची चाकं जागच्या जागी गरगरू लागली आणि मागची दोन, दाव्याला बांधलेल्या खेचरांसारखी, स्वस्थ. मागे गाड्यांची रांग लागली. सगळे उतरले. सगळ्यांना चूक दिसली. पण पांढऱ्या दाढीला "चुकलात" कोण म्हणणार? एक म्हणाला, "बाबा, साखळ्या काय मजबूत आहेत हो!" दुसरा म्हणाला, "रस्ताच नालायक आहे." तिसरा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "ताई, तुम्हीच सांगा ना!"

मी कशी सांगणार? परक्या माणसांसमोर बायकोने नवऱ्याची चूक काढली, तर ती गोष्ट आमच्याआधी तलासला पोचेल आणि नूरझातची आजी म्हणेल, असल्या सासूकडे पोर नको. जन्मात पहिल्यांदा गप्प बसले, तेही बरोबर असताना. अखेर सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. खाली. आता हे गाडीत बसून "रस्ता सुधारण्याची" वाट पाहताहेत. मी साखळ्या काढायला गेले, तर कड्या गोठलेल्या. इथे फोन लागत नाही. कोळशाचा एक ट्रक तलासला निघालाय, म्हणून हे पत्र.

तुझी हताश बहीण,
आनारकान

ता. क. टोपीच्या अस्तरात कुंडलं शिवून ट्रकवाल्याकडे देते आहे. माझ्या वतीने तू घाल. तुझा हात तो माझाच हात. मी तापाने फणफणले आहे असं सांग. साखळ्यांबद्दल चकार शब्द काढू नकोस.

ता. क. २. हे आत येऊन म्हणतात, "लिही, मागची चाकं एकदाही घसरली नाहीत." खरं आहे. ती हललीच नाहीत.

ता. क. ३. ट्रकवाला म्हणतो, एक जागा आहे. मी स्वतःच येते आहे, तेव्हा ताप रद्द. कुंडलं घालून झाली की पत्र वाच. लिहिलेलं फुकट जायला नको. ट्रकच्या साखळ्या मागच्या चाकांना आहेत. हे बोट दाखवून म्हणाले, "बघ!" मी मान डोलावली, ट्रकचा जोर मागेच असतो. आम्ही दिसेनासे झालो की कड्या शेकून हे गुपचूप साखळ्या पुढे लावतील आणि संध्याकाळपर्यंत येतील, हे मी ओळखून आहे. तरी मानाच्या पाहुण्याला वाढायचं मेंढ्याचं डोकं यांच्यासाठी राखून ठेवू नकोस. यांच्याकडे एक आहे, आधी ते वापरू देत.