सभापतीच्या खुर्चीवरचा टॉवेल

मोताळा, मंगळवार, संध्याकाळ

गरिबांची घरकुलं सासुरवाडीत वाटली, उघडं पडलं, तरी सभापती खुर्ची सोडेना. आज पंचायत समितीत शकुंतलाबाईनं, जिचं घर फक्त कागदावर उभं आहे, त्याच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल ओढला. "ऊठ बे. तुले घरातलेही मानत नाहीत आता."

लोक हसले. त्यानं काचेचा पेपरवेट उचलून तिच्या कपाळावर हाणला. तिनं टॉवेलच जखमेवर दाबला. तो लालभडक झाला. आणि हा म्हणतो, "टॉवेल सरकारी हाय, ठेव जागेवर."

फौजदार आला. त्यानं विचारलं, "कोणी पाह्यलं?"

सगळ्यात जवळ मीच होतो. इतकी वर्षं लेखांतून या सभापतीची सालटी काढणारा मी.

म्हणालो, "मी चष्मा पुसून राह्यलो होतो."

का म्हणालो?

फौजदारानं लिहून घेतलं: साक्षीदार नाही.