होडीची एक फळी

मस्कत
२१ ऑक्टोबर २००७

ती. आप्पांस,
ज्ञानदाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या ओट्यावर पाय फळीतून खाली जाऊन तुम्ही पडलात आणि मनगट मोडून घेतलंत, हे मला शेजारच्या रेजिना मावशीच्या फोनवरून कळतं! तुमच्याकडून कळायची सोयच नाही. फोन कानाला लावला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पत्रात तुम्ही लिहिता केळीला घड आल्याचं. छापखान्याच्या यंत्रांनी तुमचे कान नेले, आता उरलेले हातपाय त्या कुजक्या फळ्यांना देणार आहात का?

आईने अर्नाळ्याहून मोडक्या होडीच्या फळ्या हौसेने आणवून तो ओटा करून घेतला, हे मी विसरलेले नाही. पण आईला जाऊन चार वर्षं झाली. ती होती तेव्हा त्या लाकडाची जशी निगा व्हायची, तशी आता होत नाही. इथे सुमेधच्या ऑफिसशेजारी एक हॉटेल आहे, तिथे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवलेल्या फळ्या घातल्यात. वाळवी लागत नाही, कुजत नाहीत, तेल पाजावं लागत नाही. मुंबईच्या एका एजंटाशी बोलणं झालंय. दिवाळीनंतर माणसं येतील, त्यांना दारातून परत पाठवू नका. मला तुमच्याजवळ येऊन राहता येत नाही, निदान एवढं तरी करू द्या.

सुमेधचा नमस्कार. माझ्यावर रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
ज्ञानदा


आगाशी
२ डिसेंबर २००७

चि. सौ. ज्ञानदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा डेक झाला. डेक म्हणे! तुझ्या आईने विचारलं असतं, बोट कधी सुटते म्हणून.

माणसं कामाला चोख निघाली. आधी खडी पसरून जमिनीला उतार दिला, म्हणजे पावसाचं पाणी थांबणार नाही. त्यावर आडवे दांडे टाकले, तेही अगदी जवळजवळ, आणि त्यांवर क्लिपांनी फळ्या आवळल्या. दोन फळ्यांमध्ये बोटभरही नाही अशी फट का ठेवली, हे मी विचारलं. त्यांच्यातल्या एकाने माझ्या पाटीवर लिहून दाखवलं की उन्हाने या फळ्या फुगतात, त्यांना जागा लागते. जुन्या फळ्या रेजिनाबाईंचे आग्नेल कोंबड्यांच्या खुराड्यासाठी घेऊन गेले.

फाटकापासून मागच्या दारापर्यंत आता रस्त्यासारखं घट्ट झालंय. कितीही पाय आपटा, काही हलत नाही. मी आपटून पाहिला. तू काळजी करू नकोस, मनगट जुळलं आहे.

सुमेधरावांस नमस्कार. आम्हा म्हाताऱ्याची आठवण ठेवावी.

तुझे,
आप्पा


मस्कत
६ एप्रिल २००८

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

घट्ट झालंय हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता नीट वाचा. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. फटींत पानं अडकली तर काढत जा, नाहीतर खालची हवा बंद होते. आणि वैशाखातल्या तुमच्या त्या तेलाच्या कार्यक्रमाला आता कायमची रजा. या वयात ओणवं होऊन फळ्या चोळायला नकोत. आरामात खुर्ची टाका आणि केळी बघत बसा.

यंदाही सुट्टीचं जमत नाहीये. रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

तुमची,
ज्ञानदा


आगाशी
२६ मे २००८

चि. सौ. ज्ञानदास,
अनेक आशीर्वाद.

गुन्हा कबूल करतो. तेल लावलं. दरवर्षी वैशाखात आग्नेल ब्रश घेऊन यायचे, रेजिनाबाई कैऱ्या आणायच्या, तुझी आई पन्हं करायची, आणि अळशीच्या तेलाने अख्खा ओटा आणि आम्ही सगळे माखून निघायचो. ती गेल्यावरही आग्नेलनी ते चुकवलं नव्हतं. यंदा त्यांना कशाला बोलवायचं? काम तर नाहीच. पण डबा दिसला आणि राहवलं नाही, एकट्यानेच बसलो चोळत. तुझ्या फळ्या तेल पितच नाहीत! सगळं वरच राहिलं, त्यावर धूळ बसली आणि काकवी सांडल्यासारखं झालं. साबणाने धुता धुता कंबर गेली. हस बरं आता.

उन्हात त्या इतक्या तापतात की अनवाणी पाय टेकवत नाही, म्हणून चपला घालून बसतो. खुर्चीही फिरवली आहे. आता पाठ केळींकडे आणि तोंड फाटकाकडे. रेजिनाबाई हल्ली फारशा येत नाहीत. माणसांना आपापली कामं असतात.

तब्येत ठीक. पत्रात खंड पाडू नये.

तुझे,
आप्पा


आगाशी
१७ ऑगस्ट २००८

प्रिय ज्ञानदा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या वडिलांनी मला शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही. ती मी आज मोडते आहे, प्रभू मला क्षमा करील.

जुन्या ओट्यावर फाटकापाशी आम्ही पाय ठेवला की प्रल्हादभाऊ पाठमोरेच हात वर करून या म्हणायचे. कोण आलंय तेही ओळखायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना थोडंफार ऐकू येत असेल. नवा ओटा झाल्यावर मी येऊन मागे उभी राहिले तरी त्यांना पत्ताच नसायचा. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन गेले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते असे दचकले की ताट माझ्या हातातून उडालं. मग सांडलेलं भरताना त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी वर बघितलंच नाही. तेव्हापासून मलाच धीर होत नाही. ताट फाटकाजवळ झाकून ठेवते आणि परत फिरते.

आता ते सकाळपासून फाटकावर डोळे लावून बसलेले असतात. डुलकी लागली की दचकून उठतात आणि कोणी ताट ठेवून गेलं का ते बघतात. परवा मी पाटीवर लिहून विचारलं, असे का बसता. तेव्हा म्हणाले की पूर्वी फळी थरथरायची, पायांना कळायचं. पोरीने एवढ्या प्रेमाने करून दिलंय, तिला कुठल्या तोंडाने सांगू. आणि मग उठून आत गेले.

मी चुकले असेन तर मोठ्या मनाने विसर. आमच्या घरी तुझी प्रार्थनेत रोज आठवण असते.

तुझी,
रेजिना मावशी


मस्कत
९ सप्टेंबर २००८

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीवर रागवू नका. तिचं पत्र वाचून मी दिवसभर रडले.

कॉलेजातून उशीर करून मी चोरपावलांनी यायचे, तरी तुम्ही न वळता म्हणायचात, ज्ञानदा, आधी हातपाय धू. तेव्हाच तुमचे कान पार गेले होते. तुम्हाला कसं कळतं हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही पडू नये म्हणून मी सगळं घट्ट करायला निघाले, आणि तुमच्याकडे येणारी माणसंच तोडून टाकली. आणि तुम्ही मला लिहिता, माणसांना कामं असतात!

तो डेक उपटून फेका. गॅरंटी गेली खड्ड्यात. तुम्हाला काय हवंय ते फक्त लिहा. या वेळी मला जपू नका.

तुमची,
ज्ञानदा


आगाशी
१६ नोव्हेंबर २००८

चि. सौ. ज्ञानदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उपटायचं कशाला? एवढा पाऊस झाला, एकदाही घसरलो नाही. मात्र एक केलंय. होडीची एक फळी आग्नेलकडे शाबूत होती, खुराड्याला लांब पडली म्हणून वाचली. तुझ्या डेकची मधली एक ओळ त्यांनी काढली, तिच्याखालचे मधले दांडे कापले, आणि फाटकापासून खुर्चीपर्यंत ती जुनी फळी सैल बसवली. कंपनीच्या माणसाने फोनवर आग्नेलना पुष्कळ सुनावलं म्हणतात. मला काय, ऐकू येत नाही.

खुर्ची पुन्हा केळींकडे वळवली. अनवाणी बसतो. पहिल्या दिवशी फळी थरथरली, मी हात वर करून या म्हणालो, तर आग्नेलचा कोंबडा! मग रेजिनाबाई आल्या, ताट घेऊन थेट खुर्चीपर्यंत. किती दिवसांनी कोणाबरोबर जेवलो.

तू जपू नकोस म्हणालीस म्हणून लिहितो. तुझी आई गेल्यावरही कधी झावळी पडली की ओटा हलायचा, आणि मी हात वर करायचो. वेडेपणा आहे हे कळायचं, तरी करायचो. गेल्या वर्षभरात तेवढंही झालं नाही. फार एकटं वाटलं, पोरी.

तेलाचा डबा अर्धा शिल्लक आहे. वैशाखात एका फळीपुरता आग्नेलना बोलावीन. तेव्हा तुला यायला जमलं तर ये, तारीख कळवायची गरज नाही. फाटकात चपला काढ आणि तुझ्या सवयीप्रमाणे टाच आधी टेकवत ये. मी मागे वळून बघणार नाही, नुसता हात वर करीन.

सुमेधरावांस नमस्कार. लोभ आहेच, तो या खेपेला पायांनी कळवावा.

तुझे,
आप्पा