साठ ग्रेडचा स्लॅब

३ जानेवारी
युगांडात, मसाकाच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींसाठी नवीन शौचालय. माजी विद्यार्थिनींतर्फे देखरेख माझी. (यापुढे नुसतं 'इमारत' लिहीन.) आम्ही अकरा वर्षांच्या असताना जुन्या शौचालयाच्या कुजक्या फळीतून माझ्या वर्गातल्या रेजिनाचा पाय खाली गेला होता. सिस्टर येईपर्यंत तिचा हात मी धरून ठेवला होता. आता एकाही मुलीला ती भीती वाटता कामा नये.

४ जानेवारी
गवंडी सालोंगो लुबेगा म्हणतो, पंचवीस ग्रेडचं काँक्रीट भरपूर झालं न्याबो (बाईसाहेब), मुली जाणार आहेत, हत्ती नाहीत. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप, म्हणून गावात मान. डोक्याचं काय? मी साठ ग्रेड ठरवलं. पुस्तिका वाचली: पाणी कमी, खडी बारीक आणि पोकळी म्हणजे शत्रू. इंजिनियर लोक उगाच भाव खातात.

८ जानेवारी, सकाळी ९
सालोंगो मयतीला गेला. बरंच झालं. इमारतीच्या स्लॅबच्या साच्यात त्याने चार लाकडी पेट्या ठेवल्यात! चार पोकळ्या! सिमेंट वाचवून घरी न्यायचा डाव. काढायला लावल्या. मजूर बुकेन्या म्हणाला, न्याबो, त्या पेट्या म्हणजे... मुली तिथून... पूर्ण वाक्यात बोल, म्हटलं. पेट्या उचलून बाहेर घेऊन गेला. अडाणी.

दुपारी ४
ओतून झालं. मिश्रण घट्ट. बुकेन्या पाणी मागत होता, थेंब दिला नाही. चाचणीचे ठोकळे लॅबला.

१२ जानेवारी
सालोंगो परतला. स्लॅब पाहिला, टोपी काढली. भारावला असणार. म्हणाला, छान झालाय न्याबो, पण मुलींनी आता कुठून... यालाही वाक्य पुरं करता येईना.

१३ जानेवारी
सिस्टर सुपीरियरनी पुरं केलं. एका शब्दात.
भोकं हवी होती तर स्पष्ट सांगायला काय झालं होतं या लोकांना?

२० जानेवारी
दोन छिन्न्या मोडल्या. भाड्याच्या ड्रिलमधून धूर. कंपालाचं मोठं मशीन ईस्टरनंतरच मोकळं. सालोंगो म्हणतो, पंचवीसचं असतं तर जेवणाआधी चारही भोकं पाडली असती. टोमणा. दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी
लॅबचा अहवाल: बासष्ट! सालोंगोला मोठ्याने वाचून दाखवला. शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत मुली स्लॅबवर दोरीच्या उड्या मारतात. केसाएवढा तडा नाही. मग घंटेआधी जुन्या फळ्यांकडे रांग.

६ फेब्रुवारी
आज मलाही जावं लागलं. फळी करकरली. बाहेरून एका चिमुरडीने विचारलं, टीचर, हात धरू का?
दाराच्या फटीतून दिला.