एक लेकरू कमी

५ फेब्रुवारी १९७३
आज सकाळी साडेसात वाजता माझ्या दाढीचं पाणी बंद करण्याचा ठराव आमच्या घरी बहुमतानं मंजूर झाला. सूचक : आमची सौ. इरम्मा. अनुमोदक : चिरंजीव विरुपाक्ष, वय वीस महिने. त्यांनी ठराव मांडला जात असतानाच ते पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. विरोधी मत एक. बावीस वर्षं रोज गुळगुळीत ठेवलेली एक हनुवटी अशा रीतीनं दुष्काळग्रस्त झाली. शासनानं नोंद घ्यावी.

बाकी आगमन झकास. जळकोटपासून दोन कोस आत, सेवा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून कालच हजर झालो. राहायला फुकट खोली. मागच्या वर्षी इथं दुष्काळी काम चालू होतं, तेव्हा मजूर बायांची लेकरं ठेवायला ती बांधली. काम पुढं सरकलं आणि खोली सोसायटीला मिळाली. वर पत्रा, खाली सिमेंटची फरशी, चुना अजून पांढरा. एकच गंमत. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर ओळीनं चौदा खुंट्या आहेत. टोपी अडकवायची तर आधी मांडी घालून बसावं लागतं. चेअरमन तात्याराव म्हणाले, लेकरांच्या सोयीसाठी हायत. कसली सोय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि चेअरमनला दुसरा प्रश्न विचारायचा नसतो हे मी तीन सोसायट्यांत शिकलो आहे.

९ फेब्रुवारी
लग्नानंतर सोळा वर्षांनी, सात देवांच्या पायऱ्या झिजवून झालेलं पोर. तेव्हा वाटलं होतं, देवानं उशिरा दिलं पण दिलं. आता कळतं, उशिरा दिलं म्हणजे गुडघे गेल्यावर दिलं. विरू चालत नाही, सुटतो. दारासमोरून खडीचे ट्रक जातात. खोलीमागं शंभर पावलांवर सोडून दिलेली खडीची खाण आहे, तीस फूट खोल, कठडा नाही. दोन्हीकडं त्याला सारखीच ओढ. सकाळपासून त्यानं माती, एक बिडीचं थोटूक आणि माझ्या पावतीपुस्तकाचा कोपरा खाल्ला.

इरम्मा टँकरच्या रांगेत तीन तीन तास उभी असते. परत येते तेव्हा घागर अर्धी आणि ती स्वतः पाव.

समोरच्या गजराबाईनं आमची धावपळ पाहिली आणि पोट धरून हसली. म्हणाली, बांधून ठिवा की वो सेक्रेटरीसाब, हितं समदी बांधत्यात. बैलाला दावं लागतं, ह्यो तर वळू हाय तुमचा. मी शिकलेला माणूस, मी रागावलो.

१० फेब्रुवारी
बांधलं. इरम्माच्या जुन्या लुगड्याची पट्टी, एक टोक कमरेला, एक खुंटीला. बरोबर चार पावलांची मोकळीक. खुंट्या कशासाठी आहेत तेही कळलं.
रागावलेला शिकलेला माणूस दुपारी दोन तास झोपला.

१७ फेब्रुवारी
आठवडा सुखाचा गेला. मी ऑफिसातून येतो तो विरू बांधलेला, शांत, तोंड पुसलेलं. इरम्माचं मनोमन कौतुक करतो. तीही हल्ली माझ्याशी गोड बोलते. काल म्हणाली, एवढं ध्यान ठेवाल असं वाटलं नव्हतं. नवऱ्यानं अशी वाक्यं तपासून घ्यायची नसतात.

१९ फेब्रुवारी
तपासून घ्यायला हवं होतं.
आज दोघं एकदमच दाराशी आलो. ती टँकरवरून, मी ऑफिसातून. आत विरू बांधलेला. ती म्हणाली, बरं झालं बांधून गेलात. मी म्हणालो, मी तर नवालाच गेलो, तेव्हा तो तुझ्या काखेत होता. ती म्हणाली, मी तर तुम्ही घरी आहात समजून तसाच सोडून गेले.
दोघं खाली बसून गाठ बघत राहिलो. इरम्मा सुरगाठ मारते, मी बुटाच्या नाडीसारखी. ही तिसरीच होती. वैरणीच्या भाऱ्याला आवळतात तशी, दोन पिळांची.
गजराबाईला विचारलं. ती दिवसभर कामावर होती, मस्टरवर अंगठा आहे.

२० फेब्रुवारी
कुणी म्हणेल, तेव्हाच निघायचं होतं. म्हणणाऱ्यानं वीस महिन्यांचं पोर चव्वेचाळिसाव्या वर्षी सांभाळून दाखवावं. भिण्यासाठीसुद्धा अंगात ताकद लागते. विरू सुखरूप होता. खाणीत नव्हता, ट्रकखाली नव्हता. कुणीतरी बिनपगारी राबत होतं, आणि सहकारी चळवळीत अशा माणसाची चौकशी करायची पद्धत नाही.
आज रांगेला जाताना इरम्मा दारात थांबली आणि रिकाम्या खुंट्यांकडं बघून म्हणाली, ध्यान ठिवा वो बाई.
मी हसलो. ती हसली नाही.

२६ फेब्रुवारी
आज पट्टी धुऊन दोरीवर टाकली होती. विरू मोकळा. दाराकडं धावला आणि चौथ्या पावलाला गचकन थांबला. पुढं झुकला, खुंट्यावरच्या वासरासारखा, पण पडला नाही. काहीतरी मागून धरून होतं. कमरेला काही नव्हतं. मी हात फिरवून पाहिला. दोनदा.

१ मार्च
पट्टी चुलीत घातली. फरक नाही.
विरूच्या कमरेभोवती बोटभर रुंद वळ. इरम्मा खोबरेल लावते. तो रडत नाही, हे जास्त वाईट. खुंटीखाली बसतो आणि रिकाम्या जागेकडं बघून खुदकन हसतो.
आज तीनच पावलं.

४ मार्च
दोन.
इरम्मा रांगेला जात नाही. पाणी नाही. मी ऑफिसात जातो, खुर्चीत बसतो, परत येतो. तात्यारावांनी विचारलं, तब्येत बरी न्हाय का. म्हणालो, बरी आहे.

५ मार्च
विरूला उचलून एस.टी.कडं निघालो. इरम्माच्या माहेरी न्यायचं. पन्नास पावलं गेलो असू. माझ्या खांद्यावर त्यानं एक आवाज काढला — लहान पोराचा नव्हता तो. झबलं वर केलं. वळ आत रुतत चाललेला, ओठ निळे. श्वास —
पळत माघारी आणलं. उंबऱ्याच्या आत येताच श्वास घेतला.
एस.टी. हॉर्न वाजवून गेली.

६ मार्च
गजराबाईनं विरूचा वळ पाहिला. मग सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.
इथं लेकरं सांभाळायला सरुबाई नावाची म्हातारी होती. चौदा खुंट्या, चौदा लेकरं. मुकादमानं तिचं नाव मस्टरवर घेतलं नव्हतं. बायाच सांजच्याला लेकरामागं मूठभर मिलो द्यायच्या. मिलो म्हणजे रेशनची ती लाल परदेशी ज्वारी, जी आम्हीही खातो. आणि लेकरू उचलताना म्हणायचं, 'नेलं गं बाई, माजं मला पोचलं.' एवढं ऐकल्याशिवाय म्हातारी खुंटीवरची नजर काढायची नाही.
एक दिवस गजराबाईच्या डब्यात मूठभरही नव्हतं. तिला लाज वाटली. म्हातारी पाठमोरी असताना तिनं आपली पोरगी गुपचूप सोडली आणि नेली. म्हातारीनं मोजलं तर तेरा. हाका मारत खाणीकडं गेली. तिकडं सांजचे सुरुंग लावलेले होते. बाया ओरडल्या, लोक ओरडले. ती म्हणे एकच ओरडत होती, एक लेकरू कमी हाय, एक लेकरू कमी हाय.
मग सुरुंग उडाले.

इरम्मानं लगेच खुंटीसमोर म्हणून पाहिलं : नेलं गं बाई, माजं मला पोचलं. गाठ तसूभर ढिली नाही. बरोबरच आहे. मागची तूट भरल्याशिवाय कुठली संस्था नवा व्यवहार करते?

इरम्मानं गजराबाईचे पाय धरले. तुझ्या पोरीला घेऊन ये, इथं उभी राहा आणि तेवढं म्हण. ती पाय सोडवून घेत मागं सरली. म्हणाली, मला शेण घाला तोंडात, पण पोरीला त्या खोलीत आणणार न्हाय. तिनं माजीच धरून ठिवली तर? आणि दार लावून घेतलं.
मी तिला शिव्या द्यायला तिच्या दाराशी गेलो आणि माघारी फिरलो. तिच्या जागी मीही कडी लावली असती.

७ मार्च, सकाळ
एकच पाऊल. बसल्या जागी बसतो. दूध घेत नाही.
वळाखाली —
लिहवत नाही.

७ मार्च, दुपार
इरम्माला दारात उभं केलं. सांगितलं, तो आला की उचल, मागं बघू नकोस, दोनची एस.टी. पकड. तिनं विचारलं, आणि तुम्ही? म्हणालो, सोसायटीचा चार्ज देऊन येतो. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं सहज खोटं मी पहिल्यांदाच बोललो. मग दुसरं बोललो.
खुंटीसमोर बसलो. म्हणालो, सरुबाई, ती पोर मीच नेली. तुम्हाला न सांगता नेली. घरी पोचली, जेवली, झोपली. तुमच्या सांभाळण्यात काही कमी नव्हतं. चोरी माझी आहे.
काही झालं नाही. माशी फिरत होती.
मग विरू उठला. एक पाऊल. दोन. चार. पाच — पाचवं टाकलं त्यानं. उंबरा ओलांडून आईच्या अंगावर पडला आणि रडला. मोठ्यानं, भुकेलं रडला. असं चांगलं रडणं मी ऐकलं नव्हतं.
इरम्मा गेली. मागं बघितलं नाही. एस.टी.चा हॉर्न ऐकला. जळकोटच्या दिशेनं लांब लांब गेला.

पावणेतीन. दाराबाहेर जायला बघितलं.
जाता आलं नाही. कमरेला —
म्हणजे म्हातारीनं ऐकलं. हिशोब जुळला तिचा.
भीती वाटते. पण थकवा जास्त. कुणीतरी मागून धरून ठेवलं आहे आणि घट्ट धरलं आहे, सैल नाही. म्हातारी कामात चोख.

एक राहिलं. त्या पोरीमागची मूठ. ती कुणीच दिली नाही.
मिलोचा डबा कोपऱ्यात आहे. माझ्या पावलांनी चार.
पोचलो. मूठ भरली. शिगोशीग घेतली.
खुंटीखाली ठेवली. फरशीवर लाल ढीग. चिमणीएवढा.
घ्या बाई, म्हणालो.
दाणे हलतात. वारा नाही. एकेक दाणा —
आता मोकळीक तीनच पावलं, नाही, दोन —
वहीपर्यंत हात पुरतो आहे अजून, तोवर इरम्माला एवढंच लिहितो की विरूला इकडं कधी