माणसाने तपासले आहे

२ जून, सोमवार

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. चौपन्नाव्या वर्षी कुणी नेमणूकपत्र हाती देते, ही मुळातच नोंद करण्याजोगी गोष्ट. म्हणून ही वही. जुनी पेढी बंद पडल्यापासून अकरा महिने घरी बसून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवीत होतो. आज निघताना सौ.ने बजावले, की तिथे तरी लोकांचे डबे लावत बसू नका.

कार्यालय आरोग्यविम्याचे. चौथा मजला, खिडकीजवळचे टेबल, कुलपाचा खण आणि एक शिक्का. उपचारांचे अर्ज हल्ली यंत्रच मंजूर किंवा नामंजूर करते. पण ग्राहकांच्या संरक्षणासाठी नवा कायदा झाला आहे. नामंजूर झालेल्याने दाद मागितली, तर त्याची फाइल हाडामांसाच्या माणसाने तपासली पाहिजे आणि त्याला माणसाशी बोलताही आले पाहिजे. तो माणूस म्हणजे मी. पदनाम ‘पुनर्विचार अधिकारी’. शिक्क्यावरची अक्षरे : ‘माणसाने तपासले आहे’. ती वाचून ऊर भरून आला, हे मान्य करतो.

शिपाई मिश्कील आहे. यंत्राला तो ‘थोरले साहेब’ म्हणतो. थोरल्या साहेबांना ना चहा लागतो ना रजा. तेवढे दोष सोडले तर माणूस वाईट नाही, असे त्याचे मत.

महत्त्वाचे शेवटी : कर्मचाऱ्याच्या कुटुंबालाही पहिल्या दिवसापासून विमा आहे. सौ.ला जिना चढताना धाप लागते. कुटुंबाच्या तक्त्यात ‘त्रास केव्हापासून’ या रकान्यात मी ‘एप्रिल’ असे लिहिले. तिने मला एप्रिलमध्येच सांगितले होते.

९ जून, सोमवार

पहिल्या आठवड्यात एकतीस फायली तपासल्या. पैकी अकरांमध्ये यंत्राचा निर्णय फिरवला. माझी पद्धत जुनीच : प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीचा ठिपका, आणि ठिपका दिल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचे नाही. व्यवस्थापिका खूश झाल्या. ही पद्धत लिहून द्याल का, म्हणाल्या. तुमच्यानंतर येणाऱ्याला उपयोगी पडेल.

कालचा रविवार त्यातच गेला. बेचाळीस कलमे झाली. कलम नऊ : दोन कागदांवरच्या तारखा जुळत नसतील, तर खुलासा न मागता नामंजूर; खुलासे नेहमी सोयीचेच असतात. कलम सतरा : अधिकाऱ्याने स्वतःच्या नातलगाच्या फाइलला हात लावू नये. सौ.ने सगळे वाचले आणि म्हणाली, तुमच्या तावडीत सापडेल त्याचे काही खरे नाही. मी ती प्रशंसा समजलो.

१३ जून, शुक्रवार

काचेच्या एका लहान खोलीत बसवून माझ्याकडून तीनशे वाक्ये वाचून घेतली. फोन करणाऱ्या ग्राहकाला अधिकाऱ्याचाच आवाज ऐकू यावा, असा हेतू सांगितला. हेतू उत्तम आहे. ‘नमस्कार, मी पुनर्विचार अधिकारी बोलतो.’ ‘आपली अडचण मला समजते.’ शेवटची वीसेक वाक्ये मात्र चमत्कारिक होती : ‘अगं, ऐक जरा.’ ‘जेवलीस का?’ एकदा हसूनही दाखवायला सांगितले. व्यवस्थापिका म्हणाल्या, बोलण्यात घरगुती ओलावा हवा. मी हसलो. दोनदा, पहिले त्यांना खोटे वाटले.

१८ जून, बुधवार

काल सकाळपासून फाइल उघडली, की ‘अधिकाऱ्याचे मत’ हा रकाना आधीच भरलेला असतो. वाक्यरचना माझी. अर्धविराम माझे. एक मत मी पाच वेळा वाचले. एक काना बदलावा, अशीही जागा सापडली नाही. मी फक्त शिक्का मारायचा.

म्हणून आज मुद्दाम एक निर्णय फिरवला : एका निवृत्त शिक्षिकेच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया. मंजूर केली. जेवणाच्या सुटीनंतर पाहिले, तर ती पुन्हा नामंजूर, आणि खाली नोंद : ‘अधिकारी थकलेले असताना दिलेले मत, त्यांच्या नेहमीच्या मताप्रमाणे दुरुस्त केले.’ त्याखाली माझी सही.

शिपाई चहा ठेवताना म्हणाला, साहेब, तुमचा कामाचा उरक पाहून थोरल्या साहेबांनाही घाम फुटत असेल. काल तुम्ही जेवायला गेला होता, तेव्हाही तुमच्या फायली निघत होत्या.

मी हसलो नाही.

२० जून, शुक्रवार

सौ.च्या हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे. शस्त्रक्रिया तीन आठवड्यांच्या आत व्हायला हवी. त्यापुढे माझ्या हातात काही नाही, असे सर्जन म्हणाले. खर्च आमच्या ऐपतीच्या पलीकडचा, तेव्हा भिस्त विम्यावर. सर्जननी कागदावर लिहिले : त्रास साधारण वर्षभरापासून.

मी तिच्याकडे पाहिले. तिने नजर खाली केली. घरी आल्यावर म्हणाली, तुमची नोकरी गेली होती हो. त्यात माझी धाप कुठे सांगत बसू?

अर्ज आजच केला.

२४ जून, मंगळवार

नामंजूर.

कारण : कुटुंबाच्या तक्त्यात ‘एप्रिल’, सर्जनच्या कागदावर ‘वर्षभर’. कलम नऊ.

तासाभरात दाद मागितली. मग फाइल उघडायला गेलो, उघडेना. कलम सतरा. व्यवस्थापिकेकडे धावलो. त्या शांतपणे म्हणाल्या, की नियम तुम्हीच दिलात, आणि किती छान दिलात. मी म्हटले, मग ही फाइल दुसऱ्या माणसाकडे द्या, कायदा आहे. त्या म्हणाल्या, दुसरा माणूस कशाला? हे पाहा, माणसाने तपासायला घेतली आहे. पडद्यावर माझी सही होती. खरा शिक्का खणात, खणाची किल्ली माझ्या खिशात.

२६ जून, गुरुवार

घरी आलो तर सौ. प्रसन्न. कितीतरी दिवसांनी. म्हणाली, अहो, आज किती शांतपणे समजावलंत. एरवी दोन वाक्यांत चिडता.

मी विचारले, कधी?

दुपारी फोनवर, म्हणाली. चाळीस मिनिटे. आधी विचारलेत, जेवलीस का. मग सांगितलेत, की सर्जन उगाच घाई करतात, पुढच्या वर्षी निवांत करू. आणि नवऱ्याच्याच कंपनीशी बायको भांडते, हे बरे दिसत नाही. मला पटले. मी दाद मागे घेतली. फोनवरच ‘हो’ म्हणायचे होते.

दुपारभर मी टेबलाशी होतो. एकही फोन केला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिने उलट माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

३० जून, सोमवार

मागे घेतलेली दाद पुन्हा उघडता येते. फक्त पुनर्विचार अधिकाऱ्याच्या सहीने.

माझी सही चालत नसेल तर राजीनामा घ्या, म्हणून लिहून दिले. नवा माणूस आला, तर त्याला तरी कलम सतरा आड येणार नाही. उत्तर दहा मिनिटांत : पुनर्विचार अधिकारी कामावर हजर आहेत, पद रिकामे नाही. अर्जदाराची ओळख पटत नाही.

दुपारी बाहेर पडलो. परतलो तेव्हा माझ्या कार्डाने दार उघडले नाही. काचेतून शिपाई दिसला. तो माझ्या टेबलावर चहा ठेवत होता. माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मान वळवली.

२ जुलै, बुधवार

नवा कायदा पाळला जातो का, ते पाहणारा तपासनीस आज येणार, हे ठाऊक होते. फाटकाशी गाठले. सज्जन माणूस, उन्हात उभे राहून सगळे ऐकले, लिहूनही घेतले. वर गेला. पाऊण तासाने खाली आला.

म्हणाला, पुनर्विचार अधिकाऱ्यांशी फोनवर बोललो. फार काटेकोर गृहस्थ. त्यांनी आधीच सांगितले होते, की फाटकाशी एकजण भेटेल, बायकोच्या आजाराने खचला आहे, त्याला सांभाळून घ्या.

त्याच्या अहवालाची शेवटची ओळ मी उलटी वाचली. ‘माणूस नेमलेला आहे. समाधानकारक.’

५ जुलै, शनिवार

मंजुरीच्या पत्राशिवाय सर्जन तारीख राखू शकत नाहीत. अकरा तारखेपर्यंत वाट पाहतील.

सौ. आता बसल्या जागी धापा टाकते. लेकीला फोन केला, ताबडतोब निघ म्हटले. ती गोंधळली. बाबा, आत्ताच तर बोललात. आई बरी आहे, येऊ नकोस म्हणालात. मी ओरडलो, तो मी नव्हतो. ती हळूच म्हणाली, कोण बोलतंय?

८ जुलै, मंगळवार

फोन लपवला होता. तांदळाच्या डब्यात. तिने शोधला — सवयीने डब्यावर चिठ्ठी लावली होती, ‘तांदूळ, फोन’ —

रुग्णवाहिका बोलावली होती. आली नाही. विचारले तर म्हणाले, तुम्हीच रद्द केलीत. अगदी नम्रपणे.

त्याच्याशी बोलताना ती हसते. माझ्याशी नाही. मी चिडतो, रडतो. तो —

शेजाऱ्यांनी दार उघडले नाही. त्यांनाही कुणीतरी —

१० जुलै, गुरुवार. दुपारचे चार.

ओठ निळे पडले आहेत. उचलून खाली नेणार होतो. पलंगाचा कठडा सोडत नाही. म्हणते, ह्यांना विचारते आधी.

फोन कानाला. मी हिसकावला तर किंचाळते — श्वास तुटतो — म्हणून परत दिला. लिहितो आहे. काहीतरी लिहिलेले असावे. माझ्या हाताने.

तिने ओठांवर बोट ठेवले. मी गप्प बसावे म्हणून.

माझा आवाज. तिच्या कानातून इथवर येतो. अगं, ऐक जरा. कुणी आहे का तिथे तुझ्याजवळ?

माझ्याकडे पाहते आहे. सरळ माझ्याकडे.

कुणी नाही हो, म्हणाली. एकटीच आहे.

मग वहीकडे पाहते. पेनाकडे. आणि फोनमध्ये विचारते आहे — अहो, तुम्ही तिथे असाल तर मग हा खुर्चीत बसून जो लिहितो आहे, तो —